गच्चीवर आलेला घोडा

आमच्या राहात्याचे नाव सांगितले की ऐकणारा हटकून दोन गोष्टी बोलतो. "पेरूंचे राहाता ना?" ही पहिली, आणि "म्हणजे शिर्डीच्या अलीकडचे!" ही दुसरी. नगर-मनमाड रस्त्याने जाणारे यात्रेकरू मोटारीची काच खाली करून पेरू घेतात, आणि पुढे बाबांच्या दर्शनाला जातात. राहात्यास मुद्दाम उतरावे असे काही असेल, हे त्यांच्या मनातही येत नाही. खरे सांगायचे तर आम्हा राहाताकरांच्याही येत नाही. म्हणून गेल्या मार्गशीर्षात माझा पुण्याचा भाचा एक अवजड पेटी, दोन पिशव्या आणि मोटारीची बॅटरी घेऊन दारात उतरला व "आत्या, महिनाभर तुझी गच्ची मला दे" असे म्हणाला, तेव्हा मला प्रथम त्याच्या नोकरीची काळजी वाटली.

नोकरी शाबूत होती. संगणकाच्या कंपनीतले काम. ते तो कुठेही बसून करू शकतो. प्रश्न रात्रीचा होता. पुण्याच्या सदनिकेवरची गच्ची सगळ्या सोसायटीची आणि तिच्यावर पाण्याच्या टाक्यांची गर्दी; चारी बाजूंना उंच इमारती. त्याला दक्षिणेचे मोकळे आकाश हवे होते आणि ते सलग पंधरा-वीस रात्री हवे होते. ज्योतिर्विद्या परिसंस्थेत त्याची ऊठबस आहे. पुण्याची ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ सालची. तेथे तारे पाहता पाहता त्याला छायाचित्रणाचा नाद लागला आणि नादापायी त्याने जी सामग्री घेतली, तिच्या पैशांत चांगली मोटारसायकल आली असती असे माझा भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो. एका फिल्टरची किंमत कळली त्या दिवशी बापलेकांचे बोलणे बंद झाले होते. तेव्हा मुलगा गच्चीसाठी आला होता हे खरे, पण थोडा घरातूनही निघून आला होता, हे मी ओळखले आणि विषय काढला नाही.

पेटीतून दुर्बीण निघाली तेव्हा आमच्या घराची थोडी निराशाच झाली. दीड हात लांबीची पांढरी नळी. पुढची काच ८० मिलिमीटरची, म्हणजे आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढी. सासूबाई म्हणाल्या, "आरं बाळा, एवढ्याशा नळीतून काय दिसायचं?"

"आजी, डोळ्याला काहीच दिसणार नाही," तो म्हणाला. "डोळा लावायची जागाच नाही हिला. तिथं कॅमेरा बसतो."

त्याने मग समजावून सांगितले ते असे. आपला डोळा प्रकाश साठवीत नाही. क्षणाच्या एका अंशात जे आले तेवढे मेंदूला कळवून तो मोकळा होतो. कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याच्यापुढे पाच मिनिटे झाकण उघडे ठेवले तर तो पाच मिनिटांचा प्रकाश थेंबाथेंबाने जमवितो. गळक्या नळाखाली रात्रभर ठेवलेली घागर सकाळी भरलेली असते, त्यातला प्रकार. मात्र पृथ्वी फिरते आहे आणि तिच्याबरोबर गच्चीही फिरते आहे. म्हणून नळीलाही उलट दिशेने, ताऱ्यांच्या गतीने फिरत राहावे लागते. त्यासाठी खालचे यंत्र. दुर्बिणीपेक्षा त्याचेच वजन जास्त, आणि त्याच्याचवर सगळी भिस्त.

या यंत्राचा अक्ष आधी ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि येथे राहात्याचे भूगोलातले स्थान आडवे आले. आमचे अक्षांश पावणेवीस. ध्रुव तारा क्षितिजापासून तेवढेच अंश वर, म्हणजे बराच खाली. आणि आमच्या बरोबर उत्तरेला, पाच-सहा किलोमीटरवर, शिर्डी. मंदिराचे, भक्तनिवासांचे, हॉटेलांचे, रस्त्यांचे दिवे मिळून रात्रभर तेथे आकाशाच्या कडेला एक फिकट पिवळसर-पांढरा घुमट उभा असतो. बिचारा ध्रुव नेमका त्या घुमटाच्या माथ्यावर बसलेला! अढळपद मिळाले, पण कुठे मिळाले पहा. पहिल्या रात्री त्याला शोधून काढण्यातच आमचा पाऊण तास गेला.

"रानात का जात नाहीस?" असे माझ्या यजमानांनी त्याला विचारले. आमची पेरूची बाग गावाबाहेर आहे, तेथे अंधार बरा. पण बागेच्या तिन्ही अंगांना ऊस, आणि उसात बिबट्या. हा काही गोष्टीतला बिबट्या नव्हे. आमच्या जिल्ह्यात उसाच्या फडांतून त्याने संसारच मांडले आहेत. शेतीची वीज रात्रपाळीने येते तेव्हा पाणी भरायला जाणारा गडी जीव मुठीत धरून जातो. तेथे एका मुलाने रात्रभर एकाच जागी, लाल टॉर्चच्या उजेडात, निश्चल बसून राहायचे, ही कल्पना माझ्या भावाला कळली असती तर त्याने माझ्याशीही बोलणे टाकले असते. म्हणून गच्ची.

त्याला काय टिपायचे होते? मृग नक्षत्र तुम्ही ओळखता. चार कोपऱ्यांचे चार तारे, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे व्याध. मार्गशीर्षाला नाव दिले ते यानेच. त्या पौर्णिमेचा चंद्र या हरणाच्या मस्तकाशी येतो. बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेकडच्या टोकाचा जो तारा, त्याच्या जरा दक्षिणेस तांबड्या वायूचा एक पडदा पसरलेला आहे आणि त्या पडद्यापुढे काळ्या धुळीचा एक लोट उभा आहे. त्या लोटाचा आकार थेट घोड्याच्या मुंडक्यासारखा. आकार म्हणजे आकाशात किती, तर चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सहाव्या हिश्शाएवढा. अंतर १,३०० ते १,४०० प्रकाशवर्षे. आज रात्री गच्चीवर येणारा हा प्रकाश तेथून निघाला तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

अशा वायूच्या ढगाला मराठी विश्वकोशाने 'अभ्रिका' म्हटले आहे. अभ्र म्हणजे ढग, त्याचे हे लाडके धाकुटे रूप. शब्द मला फार आवडतो. पण भाच्याच्या मंडळींत 'तेजोमेघ' चालतो, आणि त्याच्या तोंडी तर 'नेब्युला'च. मी वर्गात एखाद्या शब्दासाठी वाद घालते तसा येथेही घालून पाहिला. "आत्या, ती अंधारी आहे की तेजस्वी, हे तुझ्या शब्दातून कळत नाही," असे तो म्हणाला, आणि घोड्याच्या बाबतीत ते खरेच होते. तो घोडा तेजोमेघ नाही. तेजोमेघावर पडलेली सावली आहे.

या घोड्याचा शोध एका बाईने लावला, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. विल्यमिना फ्लेमिंग ही मूळची स्कॉटलंडची. अमेरिकेत नवऱ्याने सोडून दिल्यावर १८७९ मध्ये ती हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून राहिली. हुशारी पाहून त्यांनी तिला वेधशाळेत कामाला लावले. १८८८ च्या फेब्रुवारीत घेतलेली एक काचेची तबकडी तपासताना मृगातल्या त्या ताऱ्याच्या दक्षिणेला तिला एक अर्धगोल खाच दिसली आणि तिने ती टिपून ठेवली. १८९५ च्या सूचीत मात्र त्या नोंदीपुढे नाव छापले गेले ते पिकरिंग यांचे. बाईचे नाव पुढे कधीतरी जोडले गेले. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांना त्याचे काहीच नवल वाटले नाही.

आता अडचण अशी की हा तांबडा पडदा फार क्षीण आहे, आणि आपला रात्रीचा डोळा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळा. त्यातून गावावर दिव्यांचा उजेड. उजेड नुसता खाली पडत नाही, तो वर जातो, धुळीवर आणि दवावर आदळतो आणि सगळे आकाश दुधात पाणी घातल्यासारखे करून सोडतो. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा त्यांचा उजेड मुख्यतः पिवळ्या भागातच असे, तेवढा गाळून टाकला की बरेचसे भागत असे. आता एलईडीचे पांढरे दिवे आले. वीज वाचली, हे चांगले झाले. पण हा पांढरा प्रकाश निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळीकडे पसरलेला. गाळायचे काय आणि ठेवायचे काय?

येथे तो महागडा फिल्टर कामाला येतो. 'नॅरोबँड' म्हणतात त्याला. मी आपली एकरंगी गाळणी म्हणते. (सासूबाई दोन दिवस तिला चहाची गाळणी समजत होत्या. आकारही साधारण तेवढाच.) तत्त्व सोपे आहे. दिव्याचा प्रकाश सर्व रंगांचा, पण तेजोमेघातला वायू मोजक्याच रंगांत प्रकाशतो. हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरच्या तांबड्यात, ऑक्सिजन ५००.७ च्या हिरवट-निळ्यात, गंधक ६७१.६ आणि ६७३.१ च्या आणखी गडद तांबड्यात. डोळ्याला दिसणारा प्रकाश ४०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे तीनशे नॅनोमीटरांचा मोठा दरवाजा. त्यातली हायड्रोजनभोवतीची सहा नॅनोमीटरांची फट तेवढी उघडी ठेवायची, बाकी सगळे बंद. पांढऱ्या उजेडाचा ढोबळ हिशेबाने पन्नासावा हिस्सा आत येईल. पण हायड्रोजनचा प्रकाश त्या फटीतूनच येणारा, तो जवळजवळ सगळा येईल. रामनवमीला शिर्डीच्या गर्दीत लाखाचा गलका असतो, पण आपल्या हरवलेल्या पोराने मारलेली हाक आईला ऐकू येते ना, तसे काहीसे. बाकी आवाज कमी झालेला नसतो. कान तेवढ्यापुरता एका आवाजाला लागलेला असतो.

ही फट कोठे ठेवायची हे आपल्याला कसे समजले, ती कथा मोठी रंगतदार आहे आणि तिचा एक तुकडा पुण्याचा आहे. १८६४ साली विल्यम हगिन्स या इंग्रज हौशी निरीक्षकाने अशाच एका मेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यासारखा अखंड रंगपट्टा दिसेल अशी अपेक्षा, पण दिसल्या मोजक्या सुट्या रेषा. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नसून तापलेला विरळ वायू आहे, हे एका रात्रीत सिद्ध झाले. पण सर्वांत ठळक हिरवी रेषा कोणत्याच ठाऊक मूलद्रव्याशी जुळेना. काहींनी नवे मूलद्रव्यच कल्पिले आणि त्याला 'नेब्युलियम' असे नाव दिले. नॉर्मन लॉकियर या बड्या शास्त्रज्ञाचे मत पडले की ही मॅग्नेशियमचीच खूण असावी.

याच सुमारास, १८८८ साली, पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली होती. भावनगरच्या महाराजांची देणगी, तितकाच सरकारचा हातभार, आणि डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची आरशाची दुर्बीण. वेधशाळेचे चालक होते कावसजी दादाभाई नायगमवाला, कॉलेजातले प्राध्यापक. त्यांनी मृगातल्या मोठ्या अभ्रिकेवर आपला वर्णपटदर्शक रोखला. मॅग्नेशियमची खूण असती तर ती रेषा एका कडेला विरत गेलेली दिसायला हवी होती. पुण्याहून नायगमवालांना ती स्वच्छ, धारदार दिसली, आणि तसे त्यांनी १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत लिहून टाकले. वसाहतीतल्या एका कॉलेजच्या मास्तराने लॉकियरांच्या विरुद्ध साक्ष देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १८९८ चे खग्रास सूर्यग्रहणही त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे तळ देऊन टिपले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही मिटली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज त्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या किती इंजिनिअरांना हे नाव ठाऊक असेल? माझ्या भाच्याला होते, एवढेच मी अभिमानाने सांगू शकते.

त्या हिरव्या रेषेचे कोडे १९२७ मध्ये आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सोडविले. नवे मूलद्रव्य वगैरे काही नव्हते. तो आपण श्वासातून घेतो तो ऑक्सिजनच होता, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. आपल्या हवेत अणूंची इतकी दाटी की ही रेषा उमटण्याच्या आधीच अणू एकमेकांवर आदळतात. मृगातल्या मेघात घनसेंटिमीटरला काही हजार कण. माणसाने केलेली निर्वात पोकळी त्यापुढे बाजारपेठ म्हणावी! तेथे अणूला निवांतपणा मिळतो, म्हणून तो हिरवा प्रकाश सोडतो. नायगमवालांनी न्याहाळलेली तीच रेषा आज भाच्याच्या डबीतल्या दुसऱ्या गाळणीवर आकड्यात छापलेली आहे.

असो. आता गच्चीवरची हकीकत.

पहिल्या चार रात्री फुकट गेल्या. एकदा दवाने काच धुरकटली. मग नळीभोवती गुंडाळायची गरम पट्टी आली. एकदा साखर कारखान्याची काजळी उतरली आणि सकाळी सगळ्या वाळवणाबरोबर दुर्बिणीवरही काळे ठिपके. एकदा सासूबाई मध्यरात्री "पोराला थंडी वाजत असेल" म्हणून चहा घेऊन वर गेल्या, आणि त्यांच्या पावलांनी गच्ची इतकी हलली की त्या पाच मिनिटांतल्या प्रत्येक ताऱ्याचे शेवाळे झाले. चहा मात्र त्याने घेतला.

चौथी रात्र मंगल कार्यालयाने घेतली. आमच्या घरापासून शेदीडशे पावलांवर एक कार्यालय आहे. मार्गशीर्ष म्हणजे लग्नांची गर्दी. कार्यालयाच्या गेटावर एक प्रखर दिवा थेट आमच्या गच्चीकडे तोंड करून बसविलेला. एकरंगी गाळणी आकाशाचा उजेड अडवील, पण समोरून नळीत घुसणाऱ्या झोताला ती काय करणार? चित्रावर पांढरा ओघळ आला. वरातीबरोबर जांभळे-हिरवे झोत आकाशात फिरू लागले तेव्हा मुलाने यंत्र बंद केले आणि डोके धरून बसला. "आत्या, बाबा म्हणतात ते खरं असेल का गं? उगीचच का हे सगळं?" त्या वेळी मला काही सुचले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी कार्यालयाच्या मालकांकडे गेले.

गृहस्थ सज्जन आहेत; त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. सर्व ऐकून ते म्हणाले, "मॅडम, लग्न नसताना दिवा बंद ठेवला तर लोक म्हणतील, कार्यालय बसलं." मी त्यांना पेंचचे उदाहरण दिले. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेथल्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलले ते विझविण्यासाठी नव्हे, त्यांचे तोंड जमिनीकडे वळविण्यासाठी. रस्त्यावर उजेड पडतोच, आकाशात तेवढा जात नाही. "तुमच्याही गेटावर उजेड पडू द्या, फक्त माझ्या गच्चीवर नको." त्यांनी विचार करून सांगतो म्हटले. दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी एक वायरमन शिडी लावून दिव्याची मान खाली वाकविताना दिसला. वरातीच्या झोतांवर मात्र त्यांचाही इलाज नव्हता.

त्यानंतर आकाशाने साथ दिली. अकरा रात्री मिळाल्या. हायड्रोजनच्या तांबड्यातली पाच पाच मिनिटांची ७८ चित्रे, म्हणजे साडेसहा तास. एकेकटे चित्र पाहिले तर काय? करडी, कणकण उठलेली पाटी. पण त्या कणांत मेख अशी आहे की ते प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी पडतात, आणि घोडा मात्र जागच्या जागी असतो. चित्रे एकावर एक रचली की कण एकमेकांना खोडतात. सोळा रचली तर खरखर चौथ्या हिश्शावर येते; आणखी निम्मी करायची तर चौसष्ट लागतात. कष्टाचा आणि फळाचा हा व्यवहार वर्गमुळाने चालतो, आणि म्हणूनच यात उतावळ्या माणसाचे काम नाही. शिवाय कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करायचे, त्यासाठी झाकण लावून काळी चित्रे, आणि नळीवर माझ्या सासूबाईंचे पांढरे पातळ ताणून पहाटेच्या उजेडात पांढरी चित्रे. ते पातळ मला परत धुवावे लागले नाही, एवढेच त्या शास्त्राचे माझ्यावर उपकार.

रविवारी सकाळी सगळी चित्रे रचून झाली. मांडीवरच्या संगणकाच्या पडद्यावर त्याने एक पट्टी हलकेच सरकविली, तसा तो तांबडा पडदा उलगडत गेला आणि त्यावर मान किंचित वळवलेला, आयाळ विस्कटलेला तो घोडा उभा राहिला. मी कॉलेजात वीस वर्षे कवितेवर बोलते आहे, पण त्या क्षणी माझ्या तोंडून "अगंबाई!" एवढेच निघाले.

मग मी माझी शंका काढली. "हा तांबडा रंग खरा की तू भरलास?" कॅमेरा तर काळापांढरा. तो म्हणाला, या चित्रात तांबडा खराच, कारण प्रकाशच त्या रंगाचा. पण हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या, आकाशातल्या त्या सुप्रसिद्ध खांबांच्या चित्रात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. गंधक आणि हायड्रोजन दोघेही मुळात तांबडे. दोघांना तांबडेच ठेवले तर कोण कुठे हे कळणार कसे? नकाशात नगर जिल्हा गुलाबी आणि नाशिक पिवळा रंगवितात, म्हणून काही जमीन गुलाबी नसते. माझे समाधान झाले, अगदी पुरते नाही. पण चित्राखाली कोणता रंग कशाचा हे तो लिहून ठेवतो, हे मला आवडले. आजकाल खरखर घालविण्याच्या नावाखाली संगणक नसलेले धागेही काढून देतो म्हणे. त्याच्या वाटेला तो गेला नाही.

सासूबाईंनी चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिले. घोडा ओळखला. मग म्हणाल्या, "झ्याक आहे. पण बाळा, आकाशगंगा दाखव मला. लगीन होऊन आले तव्हा बागेत वटवाघळं पेरू खायची म्हणून राखणीला जायचो आम्ही. उघड्यावर निजलं की ह्या बांधापासून त्या बांधापातुर दिसायची. कैक वर्सं झाली, दिसलीच न्हाई. म्या म्हनलं, डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांची आपरेशनं झाली, तरी बी न्हाई."

मुलगा गप्प झाला. कारण ही गोष्ट त्याच्या डबीतल्या कोणत्याच गाळणीत नव्हती. आकाशगंगा म्हणजे अगणित ताऱ्यांचा मिळून झालेला उजेड. तो दिव्याच्या उजेडासारखाच सर्व रंगांचा. फट लावली तर दिव्याबरोबर तीही जाते. कृत्तिकांभोवतीचा निळा धूर ताऱ्यांचाच परतलेला प्रकाश, तोही जातो. गावाच्या उजेडातून चोरून आणता येतो तो फक्त वायूचा एकेक रंग, आणि तोही कॅमेऱ्याला. माणसाच्या डोळ्याला परत द्यावे असे त्यात काही नाही. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता तो निघाला, आकाशातला राहिला.

पुढच्या आठवड्यात एका रात्री गावाची वीज गेली. यंत्र बॅटरीवर चालू होते. भाचा धडधडत खाली आला, "आजीला उठवा!" आम्ही त्यांना शालीत गुंडाळून वर नेले. शिर्डी तशीच उजळलेली, पण दक्षिणेकडे खरोखर काळोख होता. मृग आणि व्याधाच्या पूर्वेकडून एक अगदी पुसट पट्टा वर गेलेला. सासूबाईंनी पाहिले आणि मान हलविली. "ही न्हवं. ती मोठी व्हती." त्यांचे बरोबर होते. हिवाळ्यात दिसते ती आकाशगंगेची बाहेरची, विरळ बाजू. त्यांची आकाशगंगा चैत्र-वैशाखात पहाटे वर येते, वृश्चिक आणि धनू राशींजवळची. चाळीस मिनिटांनी वीज आली आणि शेजारच्या घरात पोरांनी ओरडून आनंद केला.

चैत्री अमावास्येला आम्ही भंडारदऱ्याला गेलो. आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत अजून अंधार शिल्लक आहे. माझा भाऊही आला होता. आईच्या वयाच्या बाईला मध्यरात्री डोंगरात नेताहेत म्हटल्यावर देखरेखीला आला, असे तो म्हणाला. पहाटे तीनच्या सुमारास आम्ही सतरंजी टाकून बसलो. वृश्चिकाची नांगी दक्षिणेस चढलेली आणि तिच्यापासून थेट डोक्यावरून पलीकडच्या डोंगरापर्यंत तो पांढरा पाट, मधल्या काळ्या फटींसकट. सासूबाई पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्या भावाला म्हणाल्या, "ह्या मधल्या काळ्या रेघा दिसत्यात का तुम्हाला? त्या तव्हाबी व्हत्या." भावाने विचारले, त्या काळ्या रेघा म्हणजे काय? आणि भाच्याने पहिल्यांदाच बापाला समजावून सांगितले, की ती धूळ आहे, घोड्याची आहे तीच. बापाने ऐकून घेतले. दुर्बीण त्या रात्री मोटारीतच राहिली.

यंदा तो पुन्हा येणार आहे. या खेपेस घोडा नाही, देवयानी. त्या नक्षत्रातल्या मोठ्या दीर्घिकेची छायाचित्रे शंभराहून अधिक वर्षे निघत आली आहेत, मोठमोठ्या वेधशाळांतून निघाली आहेत. तरी २०२२ मध्ये फ्रान्समधल्या यान सँती या हौशी छायाचित्रकाराने १०६ मिलिमीटरच्या दुर्बिणीने, ऑक्सिजनच्या गाळणीतून, २२ रात्री आणि शंभराहून अधिक तास प्रकाश जमविला, तेव्हा त्या दीर्घिकेशेजारी निळसर वायूची एक प्रचंड कमान उमटली. चंद्रबिंबे ओळीने मांडली तर तीन बसतील एवढी लांब. झेव्हियर स्ट्रॉटनर व मार्सेल ड्रेक्सलर हे त्याचे सोबती, तेही हौशीच. २०२३ च्या जानेवारीत त्यांनी व काही व्यावसायिक शास्त्रज्ञांनी मिळून ती जाहीर केली. तोवर ती कोणालाच दिसली नव्हती, कारण त्या एका रंगात तेथे इतका वेळ कोणी पाहिलेच नव्हते.

ऑक्सिजनचा हा रंग एलईडीच्या उजेडात अधिक बुडतो. भाच्याच्या हिशेबाने राहात्याच्या आकाशात ती कमान उमटायला चाळीस रात्री तरी हव्यात, आणि देवयानी आमच्या गच्चीवरून उत्तरेकडे, शिर्डीच्या बाजूला. निदान ६८ अंश उंच चढते, एवढी सोय. कार्यालयाच्या मालकांशी मी बोलून ठेवले आहे. लग्न नसेल त्या रात्री अकराला दिवा मालविण्याचे त्यांनी कबूल केले आहे. अमावास्या म्हणून लक्ष्मीपूजनाचीच रात्र सर्वांत सोयीची होती, पण त्या रात्री फटाक्यांच्या धुरापुढे कोणतीही गाळणी टिकायची नाही. तेव्हा भाऊबीजेला बापलेक दोघे मिळून येतात, आणि पाडव्यापर्यंत गच्ची झाडून, टाकीवरचा दिवा काढून ठेवायचे काम माझ्याकडे आहे.